हलकी बीअर, जड पोथी

दिवाळी अंकात बीअरची कैफियत पाहून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत बापडे! वाद बीअरचा दिसला, तरी मूळ प्रश्न खरेपणाचा आहे.

मी राहतो त्या अमेरिकेत १९७८ सालच्या कायद्याने घरच्या घरी बीअर करण्यास मध्यवर्ती सरकारची मोकळीक मिळाली आणि पुढे हौशी मंडळींच्या स्पर्धांचे पेव फुटले. यांतील बहुतेक स्पर्धांची पोथी म्हणजे 'बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' या संस्थेची शैलीनियमावली. बाटली पाठविणाऱ्याने आपली बीअर कोणत्या वर्गातली ते आधी सांगायचे. मग परीक्षक ती त्या वर्गाच्या वर्णनाशी ताडून पाहणार आणि पन्नासपैकी गुण देणार.

माझी बीअर बेल्जियन वळणाची. यीस्ट तिकडचे, फळांचा आणि किंचित लवंग-मिऱ्यांचा वास देणारे. मद्यार्क मात्र अवघा ३.२ टक्के. जेवणाबरोबर पेलाभर घ्यावी आणि पुन्हा कामाला लागावे, अशी. पोथीत हिला जागा कोठे? मठवासी भिक्षूंच्या रोजच्या बीअरवरून बेतलेला 'बेल्जियन सिंगल' हा वर्ग २०२१ च्या आवृत्तीत ४.८ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. 'सेझों'चा हलका प्रकार ३.५ पर्यंत येतो. पण सेझों म्हणजे कोरडी आणि कडवट, माझी तशी नव्हे. गंमत अशी की, खुद्द बेल्जियममध्ये 'ताफलबीर' ही याहूनही हलकी, जेवणाची बीअर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. विसाव्या शतकात ती शाळकरी मुलांच्या ताटाशेजारीही असे. २००८ च्या नियमावलीत अशा अनाथांसाठी 'बेल्जियन स्पेशालिटी एल' नावाची धर्मशाळा होती. २०१५ च्या आवृत्तीने तीही मोडली.

यावर अनुभवी मंडळींचा सल्ला ठरलेला: "खुशाल 'सिंगल' म्हणून द्या. परीक्षकाजवळ का मद्यार्क मोजायचे यंत्र असते?" एकदा मी हा सल्ला मानला. परीक्षकाने लिहिले, 'चव स्वच्छ. पण बीअर पातळ. माल्ट वाढवावे.' त्या बिचाऱ्याचा काय दोष? मी सांगितलेल्या नावाला तो जागला. पुढच्या खेपेस मी त्याचे ऐकून माल्ट वाढविले, मद्यार्क पाच टक्क्यांवर नेला. गुण वाढले, पण घरात ते पिंप महिनाभर तसेच पडून राहिले. बायको म्हणाली, "चांगली आहे हो, पण ही आपली नव्हे."

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. परीक्षकाजवळ यंत्र नसेल, जीभ असते. आणि खोट्या वर्गात नाव घातल्याने खरे नुकसान होते ते पदकाचे नव्हे, अभिप्रायाचे. लघुनिबंध लिहून तो लघुकथेच्या स्पर्धेला धाडला, तर 'कथानक अशक्त' हाच शेरा येणार. आणि तो शिरोधार्य मानून लेखकाने त्यात एक खून घुसडला, तर निबंधही गेला आणि कथाही गेली!

बरे, खरे बोलायला वाट नाही असेही नाही. त्याच पोथीत '३४ ब' हा मिश्रशैलीचा वर्ग आहे. रूढ शैलीची मर्यादा मुद्दाम ओलांडून अधिक कडक किंवा हलक्या केलेल्या बीअरनाही तो मोकळा आहे. अट एवढीच, की मूळ शैली कोणती आणि तीत फरक काय केला, ते सांगितले पाहिजे. तेथे निःसंकोच लिहावे: 'मूळ शैली बेल्जियन सिंगल, मद्यार्क ३.२ टक्के, हेतुपुरस्सर.' मग परीक्षकापुढे योग्य तोच प्रश्न उभा राहतो: एवढ्या थोड्या मद्यार्कात चव भरली आहे की नाही? त्याचे उत्तर ऐकण्यासाठीच तर बाटली पाठवायची!

कोणी म्हणेल, त्या खिचडी वर्गात भडक बीअरपुढे हिचा निभाव लागणार नाही. न लागो! पदक भिंतीवर टांगायचे असते. बीअर रोजच्या जेवणाला लागते. पोथीकारांनी जेवणाच्या बीअरसाठी वेगळा पाट मांडावा, ही मागणी मी करीतच राहीन. पण तो मांडला जाईपर्यंत तिला उसन्या नावाने पंगतीत बसविण्याचे पाप आपण तरी करू नये.