कोर्टाचे दार कोणी लावले?



मागच्या जिल्हा बैठकीत शेवटच्या रांगेतला एक कांदेवाला भाऊ उठला. म्हणाला, "निवेदने झाली, रास्ता रोको झाला. सरकारच आपला भाव पाडते, तर आपण सरळ कोर्टात का जात नाही?" व्यासपीठावर आम्ही एकमेकांची तोंडे पाहिली. मी कृषीची पदवी घेतलेला माणूस. मातीचा सामू काढायला शिकलो, पण ती माती कसणाऱ्याला कायद्यापुढे काय किंमत आहे, हे तिथे कोणी शिकवले नाही. त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, ते आज देतो.

घटनेने कामे वाटून दिली. कायदा संसदेने आणि विधिमंडळाने करायचा, सरकारने राबवायचा. तो नागरिकाच्या मूलभूत हक्कांवर नांगर फिरवत असेल तर न्यायालयाने रद्द करायचा. ही वाटणी दीड वर्षही धड टिकली नाही. बिहारच्या जमीनदारी निर्मूलन कायद्याविरुद्ध दरभंग्याचे महाराज कोर्टात गेले आणि मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तो कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवला. सरकारला सर्वोच्च न्यायालयाची वाट मोकळी होती. पण त्याच वर्षी जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. पहिली सार्वत्रिक निवडणूकसुद्धा तोवर झालेली नव्हती! कलम ३१ ब आले, नववे परिशिष्ट आले. या यादीत ज्या कायद्याचे नाव घातले, तो मूलभूत हक्क मोडतो म्हणून रद्द करता येणार नाही. आधीच कोर्टाने रद्द केला असेल तर तोही जिवंत.

जमीनदारी जायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जमीनदारासाठी लावलेले कुलूप पुढे कोणी काढले नाही. १९५१ साली यादीत १३ कायदे होते, आज क्रमांक २८४ पर्यंत गेला आहे आणि त्यातले बहुतेक जमिनीचे आहेत. १९६४ मध्ये महाराष्ट्राचा १९६१ चा सीलिंग कायदा आत गेला. १९७६ मध्ये, आणीबाणीत, आवश्यक वस्तू कायदा गेला. हा शेवटचा नीट पाहा. संसदेने तो १९५५ मध्ये केला, पण साठा किती, दर किती, माल कुठून कुठे न्यायचा, हे सारे सरकारच्या हुकमाने ठरते. म्हणजे कायदा करणाऱ्याने आपली लेखणी अंमलदाराच्या टेबलावर ठेवली आणि तपासणाऱ्याला बाहेर उभे केले. हुकूम कायद्याबाहेर गेला तर दाद होती. कायदाच अन्यायाचा असेल तर नव्हती.

इथवरचे आपण भाषणांत सांगतो. मीही वर्षानुवर्षे सांगितले. पुढचे मात्र सांगत नाही, ही आपली चूक. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींपैकी सातांनी ठरवले की संसद घटना दुरुस्त करू शकते, तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. १९८० च्या वामनराव खटल्यात, आणि तो आपल्याच सीलिंग कायद्याचा खटला, त्या तारखेनंतर यादीत घातलेले कायदे तपासता येतील असे ठरले. ११ जानेवारी २००७ ला कोएल्हो प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तेच पक्के केले. आवश्यक वस्तू कायदा १९७६ चा, म्हणजे रेषेच्या अलीकडचा. तिथे दार किलकिले आहे. सीलिंगचा मूळ कायदा १९६४ चा, तिथे कुलूप कायम.

दार किलकिले असले म्हणजे निकाल खिशात आला असे नव्हे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला. तो जनता सरकारने काढला, ज्याच्या विजयाचा गुलाल आपल्यापैकी अनेकांनी उधळला होता. आता युक्तिवाद उभा राहील तो समानतेवर आणि व्यवसायस्वातंत्र्यावर. कांद्याला भाव किती, हे न्यायाधीश सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. शिवाय कोर्टही कधी कधी मूळ प्रश्न बाजूला ठेवते. १२ जानेवारी २०२१ ला तीन कृषी कायद्यांना स्थगिती मिळाली, पण ते घटनेला धरून आहेत की नाहीत याचा निवाडा झाला नाही. नोव्हेंबरमध्ये संसदेने ते मागे घेतले. त्यांतला एक आवश्यक वस्तू कायद्याची दुरुस्ती होती, तीही गेली आणि जुना कायदा जसाच्या तसा परत आला.

आता त्या कांदेवाल्या भावाला उत्तर. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी, जी मे २०२४ मध्ये उठली, ती नवव्या परिशिष्टातल्या कायद्याने आलेली नव्हती. ती १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखालच्या एका अधिसूचनेने आली होती, आणि तो कायदा यादीत नाही. नवव्या परिशिष्टाचे कुलूप तिथे नव्हतेच. आपण ते आहे असे धरून घरी बसलो.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या मालावर लागलेल्या हुकमाची प्रत सोबत आणावी. क्रमांक, तारीख आणि तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली निघाला, एवढे त्यावर दिसायला हवे. "सरकारने बंदी घातली" एवढ्यावर कुठलाही वकील अर्ज लिहू शकत नाही. प्रती जमल्या की वकिलांना बैठकीलाच बोलावू.