पोराला भाकरी का येत नाही?

दसरा झाला की शिरूर कासार तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, ताडपत्री, एखादी शेळी असेल तर तीही चढवली जाते आणि नवरा-बायकोचा 'कोयता' पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याकडे निघतो. पुढचे पाच-सहा महिने गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. उचल, मजुरी, ऊसतोड बायकांचं आरोग्य यावर बरंच लिहिलं गेलंय, आणि ते लिहिलंच पाहिजे. मला आज एक साधा प्रश्न विचारायचाय. त्या मागं राहिलेल्या घरात संध्याकाळची भाकरी कोण करतं?

आजीचे हात चालतात तोवर आजी. नंतर नात. नातू नाही. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असला तरी नाही. दुपारी शाळेत पोषण आहाराची खिचडी मिळते. जिथं हंगामी वसतिगृह चालू असतं तिथं सकाळ-संध्याकाळचंही भागतं. पण वसतिगृह सुरू व्हायला उशीर झाला, किंवा आजी तापानं पडली, की सहावी-सातवीतली मुलगी शाळा बुडवून चुलीपुढे बसते. तिच्या भावाला शाळा बुडव असं कुणी म्हणत नाही, कारण त्याला भाकरी येतच नाही. 'येत नाही' एवढं एक कारण आपल्याकडे पुरुषाला जन्मभर पुरतं.

हे फक्त ऊसतोड घरांचं आहे असं समजू नका. आमच्या मोहल्ल्यात अम्मी दवाखान्यात भरती झाली की घरातले तीन धडधाकट पुरुष शेजारून डबा येण्याची वाट बघत बसतात. डबा येतोही, शेजारधर्म अजून शिल्लक आहे. पण तो डबा कुणीतरी दुसऱ्या बाईनं आपल्या घरचा स्वयंपाक आटोपून केलेला असतो.

गंमत अशी की आपल्या पुरुषांना स्वयंपाक जमत नाही, असं मुळीच नाही. तब्लीगी जमातीत तीन दिवसांसाठी किंवा चिल्ल्याला, म्हणजे चाळीस दिवसांसाठी जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. मशिदीच्या कोपऱ्यात शेगडी, मोठं पातेलं आणि रोज दोघा-तिघांची खिदमतीची पाळी. कांदा तेच चिरतात, तांदूळ तेच धुतात, दस्तरख्वान तेच अंथरतात आणि भांडीही तेच घासतात. साथीदारांना खाऊ घालण्यात सवाब आहे असं मानून, अगदी मनापासून करतात. मग चाळीस दिवसांनी तोच माणूस घरी येतो आणि पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवर मागतो. मशिदीत जी खिदमत होती ती घराच्या उंबऱ्याच्या आत आली की 'बायकांचं काम' कशी होते, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. लग्नातही तेच. खाना-दालच्याच्या देगेभोवती उभे असतात ते बावर्ची पुरुष, त्यांचे हाताखालचे पुरुष, वाढणारेही पुरुष. पन्नास किलोची देग पुरुषाची आणि पावशेर तांदळाचं पातेलं बाईचं, अशी ही वाटणी आहे.

दीनचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना काय करत, असं हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं होतं. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असं त्यांनी सांगितल्याचं बुखारींच्या संग्रहात आहे. इतर रिवायतींमध्ये चप्पल सांधणं, कपडा शिवणं, बकरीचं दूध काढणं हेही येतं. दाढीच्या सुन्नतीवर, मिस्वाकच्या सुन्नतीवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. घरकामाच्या या सुन्नतीवर जुम्याचं बयान मात्र माझ्या फारसं कानावर आलेलं नाही.

देशभरातही चित्र वेगळं नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या मुली आणि बायकांपैकी ८१.२ टक्के रोज बिनपगारी घरकाम करतात, मुलं आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यांचा वेळ मोजला, तर बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७. त्याच वर्षी बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. चांगलं केलं. पण पुस्तकातल्या बाबांना बघणाऱ्या पोराच्या घरात तसे बाबा दिसायला हवेत ना.

आता पोराच्या बाजूनं बघू. दहावी-बारावी झाली की तो औरंगाबादला नाहीतर पुण्याला जातो. चौघांत एक खोली आणि मेसचा डबा. रमजान आला की मेसवाल्याचं आणि सहरीचं वेळापत्रक जुळत नाही, मग पहाटे चार वाजता केळं आणि ब्रेडवर रोजा धरायचा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मेस बंद झाल्या, तेव्हा खोलीत तांदूळ, डाळ, गॅस असूनही बिस्किटांवर दिवस काढणारी पोरं होती. ज्याला खिचडी येत होती त्याच्याभोवती अख्खा मजला गोळा झाला.

'पोरगा बायकी होईल' असं म्हणणाऱ्या बापांना देगेजवळ उभं करावं, त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ जातो. खरी अडचण आयांची आहे. 'माझा मुलगा चुलीपुढे बसणार? मी मेलेय का?' असं त्या म्हणतात. ही माया खरी आहे, पण तिची किंमत लेकीच्या शाळेतून वसूल होते आणि पुढे सुनेच्या झोपेतून.

शिकवायचं काय, तर फार नाही. सुरुवात खट्ट्यापासून करावी. चिंचेचा कोळ, भाजलेल्या तिळाचा कूट, बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. आगीशी गाठ फक्त तीळ भाजण्यापुरती, त्यामुळे लहान पोरालाही जमतं. त्यासोबत मसूरची खिचडी: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर, तीन वाट्या पाणी, कांदा आणि हळद. मग पिठलं. बेसन आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचं आणि मगच फोडणीत ओतायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. एवढ्यावर माणूस उपाशी राहत नाही.

भाकरीला मात्र वेळ द्यावा लागतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते, ते ताणलं जात नाही, थापावंच लागतं. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते आणि भाकरी कडेनं फाटते. अशा पिठाला कोमट पाणी पुरत नाही, उकळतं पाणी घालून मळावं लागतं. तव्यावर टाकताना पीठ लागलेली बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर फुगू द्यायची. पहिल्या आठ-दहा भाकरी नकाशासारख्या होतात. त्या खायच्या, हसायचं नाही. पोरं चुलीला नाही, हसण्याला भितात.

हंगामी वसतिगृहात आठवड्यातून एक संध्याकाळ मोठ्या मुलांची पाळी लावली, मुलींची नाही, खास मुलांची, तर वेगळा निधी लागणार नाही. पीठ आहे, चूल आहे, स्वयंपाकाच्या मावशी आहेत, त्यांना वरचा थोडा मोबदला मिळाला पाहिजे एवढंच. मदरशांतही हे करता येईल. आणि जिथं यातलं काहीच नाही तिथं आजी आहे. तिला आता भाकरी थापवत नाही, खांदा दुखतो. पण पीठ घट्ट झालंय की सैल, हे तिला नुसतं बोट लावून कळतं. यंदा ट्रॅक्टर निघण्याआधी परात नातवापुढे सरकवायला तिला सांगा.