कालवे, होड्या आणि स्मरणरंजनाची बदनामी

आपल्या समीक्षेत काही शब्द असे आहेत, की ते एकदा उच्चारले म्हणजे युक्तिवादाची गरज उरत नाही. 'स्मरणरंजन' हा त्यांपैकी एक. एखाद्या लेखनावर हा शिक्का बसला, की ते पुन्हा उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. वर्गात शिकवताना, परीक्षणे लिहिताना, प्रबंधांच्या शेवटच्या प्रकरणांत हा शब्द निकालपत्रासारखा वापरला जातो आणि आरोपीला बाजू मांडण्याची संधी सहसा मिळत नाही. आम्ही येथे ती बाजू मांडू इच्छितो. त्यासाठी उदाहरण मुद्दामच फिर्यादी पक्षाला सर्वांत सोयीचे वाटेल असे घेतले आहे: इंग्लंडमधील कालव्यांवरून चालणाऱ्या अरुंद होड्या, त्यांतील प्रवासाच्या रम्य आठवणी आणि त्या आठवणींवर पोसलेले दूरचित्रवाणीचे कार्यक्रम.

प्रथम फिर्याद संपूर्ण ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. ब्रिजवॉटरचा कालवा १७६१ मध्ये खुला झाला तो वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी. पुढील दोन पिढ्यांत मध्य इंग्लंडभर जे जाळे विणले गेले, ते औद्योगिक क्रांतीचे मालवाहू रस्ते होते. नॅरोबोट ७ फूट रुंद आणि सुमारे ७० फूट लांब. ही मापे कोणा कलावंताच्या डोळ्याने ठरवलेली नाहीत. होडीला चढउतारावर पाण्याची पातळी बदलून देणाऱ्या लॉकमध्ये मावता यावे, एवढाच त्यांचा हिशोब. या लांबीचा बहुतेक भाग मालासाठी. माणसांसाठी मागच्या टोकाला सुमारे १० फुटांची एक खोली, आणि त्या खोलीत शेगडी, बिछाना, नवराबायको आणि मुले. रेल्वे आल्यावर वाहतुकीचे दर कोसळले, किनाऱ्यावरच्या घराचे भाडे परवडेनासे झाले आणि कित्येक नावाड्यांची कुटुंबे होडीवरच राहावयास आली. बायको आणि मुले बिनपगारी खलाशी झाली. जॉर्ज स्मिथ या कोलव्हिलच्या सुधारकाने १८७५ मध्ये 'अवर कॅनाल पॉप्युलेशन' हे पुस्तक लिहून या मुलांची निरक्षरता आणि खोल्यांमधली दाटी लोकांपुढे मांडली, आणि त्यानंतर १८७७ व १८८४ चे कायदे झाले. होड्यांच्या दारांवर रंगवलेले जे गुलाब आणि किल्ले आज पर्यटक कौतुकाने पाहतात, ते याच १० फुटांच्या संसाराभोवती फुलले होते.

आता याच्या शेजारी दूरचित्रवाणी ठेवून पाहा. बीबीसी फोर या वाहिनीने २०१५ च्या मे महिन्यात 'ऑल अबोर्ड! द कॅनाल ट्रिप' हा दोन तासांचा कार्यक्रम दाखवला. बाथच्या वरच्या लॉकपासून डंडसच्या जलसेतूपर्यंत, होडी ज्या गतीने जाते त्याच गतीने. निवेदक नाही, संगीत नाही. पाण्याचा आवाज, पाखरे, इंजिनाची एकसुरी धडधड. कोळसा कोठे गेला? शेगडीजवळ बसलेली ती निरक्षर मुलगी कोठे गेली? रॉबर्ट हेविसन यांनी १९८७ मध्ये 'द हेरिटेज इंडस्ट्री' या पुस्तकात जो आरोप ठेवला तो हाच: ज्या देशाने वस्तू निर्माण करणे सोडले, तो भूतकाळ निर्माण करू लागला. रेमंड विल्यम्स यांनी त्याआधीच, १९७३ मध्ये, दाखवून दिले होते की प्रत्येक पिढीचे सुवर्णयुग तिच्या किंचित मागे असते. आपण जितके मागे जावे तितके तेही मागे सरकते.

येथवर आमचा विरोध नाही. विरोध सुरू होतो तो याच्या पुढच्या पायरीवर, जेथे समीक्षक असे धरून चालतो की आठवणीची गोडी आणि वस्तुस्थितीचा विसर या दोन गोष्टी एकच आहेत. कालव्यांचा इतिहासच याविरुद्ध साक्ष देतो.

एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना प्रसिद्ध झाले. 'क्रेसी' नावाच्या होडीतून पत्नीसह १९३९ मध्ये सुरू केलेल्या प्रवासाचे ते वर्णन आहे. त्या पुस्तकात स्मरणरंजन ठासून भरले आहे, हे मान्य करू. यंत्रयुगाबद्दलचा राग त्यात आहे, आणि कालव्यावरच्या माणसांत जुन्या खेड्यांतला स्वाभिमानी कारागीर पाहण्याचा हट्टही आहे. ही माणसे स्वतःच यंत्रयुगाची अपत्ये होती, हा विरोधाभास रोल्ट यांना पुरता सुटला नाही. परंतु ते पुस्तक रॉबर्ट एकमन या लेखकाने वाचले, त्यांनी रोल्ट यांना पत्र लिहिले, दोघे भेटले, आणि १९४६ मध्ये 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. पुढे १९६८ च्या वाहतूक कायद्याने कालव्यांची तीन वर्गांत विभागणी केली आणि तिसऱ्या, 'उरलेल्या' वर्गातील कालवे नौकायोग्य ठेवण्याची जबाबदारी सरकारने अंगावरून टाकली. त्या गाळाने भरलेल्या कालव्यांत उतरून ज्यांनी फावडी चालवली, ते बहुतांशी स्वयंसेवक होते. स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग १९६४ मध्ये पुन्हा खुला झाला तो स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातील कैदी यांच्या श्रमांनी. केनेट आणि एव्हन कालवा १९९० मध्ये खुला झाला, त्यामागेही लोकांची कित्येक वर्षांची खटपट होती. बीबीसीचा तो संथ कार्यक्रम याच कालव्यावर चित्रित झाला. म्हणजे ज्या दृश्याला समीक्षक आज निष्क्रिय रंजन म्हणतो, ते दृश्य अस्तित्वात आहे हेच मुळी एका क्रियाशील स्मरणरंजनाचे फळ आहे. निखळ वस्तुनिष्ठांच्या हाती कारभार राहिला असता तर तेथे आज बुजवलेला खड्डा असता.

येथे कोणी म्हणेल, की पाणी वाचले, माणसे वाचली नाहीत. हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो रोल्ट व एकमन यांच्या भांडणात पूर्वीच येऊन गेला आहे. एकमन यांचे म्हणणे होते की एकूण एक कालवा वाचला पाहिजे. रोल्ट यांना वाटे की ज्या कालव्यांवर अजून माल वाहणारी कुटुंबे आहेत, ते आधी वाचवावेत. मतभेद चिघळला आणि १९५१ मध्ये रोल्ट यांना स्वतःच स्थापन केलेल्या संस्थेतून बाहेर पडावे लागले. इतिहासाचा कौलही त्यांच्या विरुद्ध गेला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि मालवाहतुकीचा कणा मोडला. १९७० मध्ये ॲथरस्टोनहून साउथॉलच्या जॅम कारखान्याला जाणारी कोळशाची नियमित फेरी बंद झाली, आणि एका जीवनपद्धतीवर पडदा पडला. पाणी राहिले, धंदा गेला.

यातून निघणारा निष्कर्ष मात्र आक्षेपकांना अपेक्षित नसावा. या भांडणातले दोन्ही पक्ष स्मरणरंजनात बुडालेले होते. एकाला आठवणीतला जलमार्ग हवा होता, दुसऱ्याला आठवणीतली माणसे. भूतकाळावर प्रेम करावे की नाही, हा वादाचा विषय कधीच नव्हता. प्रेम कशावर करावे आणि त्याची किंमत कोणी द्यावी, हा होता. हा राजकीय प्रश्न आहे, आणि सगळ्यांच आठवणींवर एकच शिक्का मारणाऱ्या समीक्षेला तो दिसतच नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने याच होड्यांवरचे इतर लेखन चाळून पाहावे. एलिझाबेथ जेन हॉवर्ड या कादंबरीकर्तीने त्या संस्थेच्या कचेरीत सचिवाचे काम केले होते. १९५१ मध्ये एकमन आणि त्यांनी मिळून भयकथांचा एक संग्रह काढला. त्यातील हॉवर्ड यांच्या 'थ्री माइल्स अप' या कथेत सुट्टीवर निघालेले दोन मित्र नकाशावर नसलेल्या कालव्यात शिरतात, आणि परतीची वाट उरत नाही. स्मरणरंजनाची याहून भेदक चिकित्सा त्याच्या कोणा बाहेरच्या शत्रूने केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ती केली कालव्यांवर जीव असणाऱ्या बाईने. एमा स्मिथ यांचे 'मेडन्स ट्रिप' (१९४८) युद्धकाळात मालवाहू होड्या चालवणाऱ्या तरुणींविषयी आहे. त्यात थंडी आहे, भूक आहे, सोललेले हात आहेत, आणि तरीही ती एक आनंदी आठवण आहे. आनंद आणि कष्ट यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, हे गृहीतक हे पुस्तक सहज मोडून टाकते. ग्रॅनाडाच्या 'ट्रॅव्हलिंग मॅन' (१९८४-८५) या मालिकेत तुरुंगातून सुटलेला एक माजी पोलीस अधिकारी होडीवर राहून आपल्या मुलाचा शोध घेतो. तेथे कालवा ही रम्य सहल नाही, समाजाने बाहेर टाकलेल्या माणसाला लपता येईल अशी मागची गल्ली आहे. जुन्या दूरचित्रवाणीला सरसकट भोळसट ठरवणाऱ्यांनी ही मालिका एकदा अवश्य पाहावी.

आणि 'ग्रेट कॅनाल जर्नीज'. चॅनल फोरवर २०१४ पासून टिमथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स हे वृद्ध नटदांपत्य या कार्यक्रमात होडीतून हिंडत असे. वरवर पाहता सर्व सामग्री तीच: हिरवे काठ, संथ पाणी, चहाचे पेले. परंतु प्रुनेला स्केल्स यांची स्मृती त्या काळात विझत चालली होती आणि दोघांनी ते प्रेक्षकांपासून लपवले नाही. कालची गोष्ट त्यांना आठवत नसे. लॉकचे दार कसे लोटायचे हे मात्र हातांना ठाऊक असे. आठवणींवर बेतलेला कार्यक्रम आठवण नाहीशी होण्याचा दस्तऐवज झाला. वेस्ट २०२४ मध्ये गेले, स्केल्स २०२५ मध्ये. या कार्यक्रमाला 'स्मरणरंजन' म्हणणे चूक नाही. पण तेवढेच म्हणून थांबणे हा समीक्षेचा आळस आहे.

आता जे खरोखर पणाला लागले आहे त्याकडे येऊ. इंग्लंड-वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' या न्यासाकडे आहेत. सरकारी अनुदान २०२७ नंतर वर्षागणिक घटत जाईल, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. दुसरीकडे, घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्याने अनेक माणसे पुन्हा होड्यांवर राहू लागली आहेत. ज्यांना कायमचा धक्का नाही, त्यांनी १९९५ च्या कायद्यानुसार एका जागी साधारणपणे १४ दिवसांहून अधिक थांबावयाचे नाही. आणि २०२४ पासून अशा होड्यांच्या परवान्यावर अधिभार बसला आहे. न्यासालाही पैसा कोठून तरी उभा करायचा आहे, हे आम्ही जाणतो. तरीही साम्य डोळ्यांत भरते. एकोणिसाव्या शतकात घरभाडे परवडेना म्हणून माणसे होडीवर आली. एकविसाव्यातही तशीच येत आहेत. पडद्यावरची होडी पाहून हळवा होणारा प्रेक्षक खऱ्या काठावर कपडे वाळत घातलेली होडी दिसली की नाक मुरडतो, हा स्मरणरंजनाचा दोष आहेच. परंतु हे साम्य ओळखायचे तर जुन्या होडीवरचे जीवन कोणाला तरी प्रेमाने, तपशिलाने आठवावे लागते. आठवणीचाच तिरस्कार करणाऱ्या समीक्षकाला ते दिसणार कसे? राफाएल सॅम्युएल यांनी १९९४ मध्ये 'थिएटर्स ऑफ मेमरी' या ग्रंथात वारसाप्रेमाची टिंगल करणाऱ्यांना हेच सुनावले होते, की या टिंगलीत सामान्य माणसाच्या आवडीबद्दलची तुच्छता दडलेली असते. हा आरोप आपल्याकडील विद्वानांनाही लागू पडतो असे आम्हाला वाटते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. 'हे स्मरणरंजन आहे' या वाक्याने परीक्षण संपवू नये. तेथून ते सुरू करावे. या आठवणीत काम करणारे हात दिसतात की फक्त निसर्ग दिसतो? तिच्यातला तपशील पारखून घेता येईल इतका नेमका आहे, की नुसताच मऊ आहे? आणि ही आठवण आपल्याकडून काही मागते की केवळ आपल्याला देते? 'नॅरो बोट' वाचून लोकांनी फावडी उचलली. तिने काही मागितले होते. दोन तास संथ पाणी पाहून ज्याला काहीच विचारावेसे वाटले नाही, त्याच्याकडून तिने काही मागितले नाही. दोहोंतील हा फरक सांगता येणे एवढेच समीक्षेचे काम आहे, आणि शिक्का हातात घेऊन बसलेल्या माणसाकडून ते होणे नाही.