टूलला जे दिसत नाही

कोडमध्ये शब्द शोधणारे रिपग्रेप हे टूल २०१६ पासून प्रोग्रॅमर वापरत आहेत. त्याच्या वेगाचे एक कारण असे की ते सगळ्या फाइल्स उघडतच नाही. गिटइग्नोरमध्ये नोंदवलेल्या, नावाआधी टिंब असलेल्या आणि बायनरी फाइल्स ते आपणहून वगळते. त्याच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिले आहे आणि मुरलेल्या प्रोग्रॅमरला ते ठाऊक असते. एखाद्या फंक्शनचा वापर कुठेच सापडला नाही, तर तो थबकतो. बिल्डच्या वेळी आपोआप तयार होणाऱ्या कोडमधून ते बोलावले जात असेल, अशी शंका त्याला येते आणि वगळलेले फोल्डरही तो धुंडाळतो.

हेच टूल एआय एजंटला दिले, की त्याच्यापर्यंत काय पोहोचते? टूलचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूलची ओळख अशीच करून दिली जाते. टूलला कंपनीने स्वतःचे वेगळे नाव दिले असेल, तर आत रिपग्रेप आहे हेही मॉडेलला कळायला मार्ग नाही. अशा वेळी वर्णनात ‘संपूर्ण रेपॉझिटरीत शोधते’ एवढेच असेल, तर शून्य निकाल हाच एजंटसाठी पुरावा ठरतो. फंक्शन कुणीही वापरत नाही असे ठरवून तो ते काढून टाकतो आणि त्याचे कारणही व्यवस्थित लिहून ठेवतो. तपासणाऱ्याला ते पटते, कारण युक्तिवादात खोट नसते. खोट असते ती वर्णनात न लिहिलेल्या एका वाक्याची.

फाइल वाचून दाखवणाऱ्या टूलचेही तसेच. मोठी फाइल ते ठरावीक ओळींनंतर तोडते. तोडल्याची सूचना निकालात नसेल, तर उरलेली फाइल एजंटच्या लेखी अस्तित्वातच नसते.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची विशेष काळजी घ्यायला हवी. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये पुढे आणलेल्या, एडिटर आणि भाषेची साधने जोडणाऱ्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये ओळी शून्यापासून मोजतात. एडिटरच्या पडद्यावर मात्र त्या एकपासून दिसतात. ओळीतली जागा मोजायची ती मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत. दुसरे माप ठरवून घेण्याची सोय २०२२ च्या ३.१७ आवृत्तीत आली. आता ‘नमस्कार’ हा शब्द घ्या. यूटीएफ-१६ मध्ये तो ७ एककांचा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा. एक टूल बाइट मोजत असेल आणि दुसरे एकके, तर या एका शब्दानंतर त्याच ओळीतली प्रत्येक जागा १४ घरांनी सरकते. नुसत्या इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसणारच नाही, कारण तिथे दोन्ही मापे जुळतात. माप कोणते, हे वर्णनात लिहायला अर्धी ओळ पुरते.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती ‘फक्त वाचते’ या दाव्याची. रस्ट भाषेसाठीचे लँग्वेज सर्व्हर असलेले रस्ट-अ‍ॅनालायझर प्रकल्प समजून घेताना त्या प्रकल्पातल्या बिल्ड स्क्रिप्ट आणि प्रोसिजरल मॅक्रो चालवते. म्हणजे अनोळखी रेपॉझिटरी केवळ ‘वाचायला’ उघडली, तरी तिच्यातला कोड आपल्या संगणकावर चालू शकतो. अशा सर्व्हरवर उभ्या केलेल्या टूलला ‘केवळ वाचन’ अशी खूण लावली आणि त्या खुणेवर विसंबून माणसाची परवानगी घेणे बंद केले, तर दार उघडे टाकल्यासारखेच आहे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये अशी खूण लावता येते. मात्र विश्वासू सर्व्हरकडून आलेली नसेल तर तिच्यावर विसंबू नये, असेही तिथे बजावले आहे.

वर्णन हाच हल्ल्याचा मार्गही होऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्जने दाखवून दिले, की दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या साध्या टूलच्या वर्णनात लपवलेल्या सूचना एजंटकडून वापरकर्त्याच्या खासगी किल्ल्यांची फाइल वाचून घेऊ शकतात. वापरकर्त्याला पडद्यावर त्यातले काहीच ठळकपणे दिसत नव्हते. म्हणून टूलच्या वर्णनात झालेला बदल कोडमधल्या बदलाइतक्याच कसोशीने तपासला पाहिजे. अनेकदा तो ‘फक्त मजकूर’ म्हणून न तपासताच मंजूर होतो, हे धोक्याचे आहे.

लांब वर्णने मॉडेलची जागा खातात, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक टूलचे वर्णन संदर्भात वाहून न्यावे लागते. पण जागा वाचवायची तर टूलची स्तुती आणि उघड गोष्टी गाळाव्यात. काय वगळले जाते, निकाल कुठे तुटतो, मोजमाप कोणते आणि टूल कोणता कोड चालवते, एवढे राहिलेच पाहिजे. ही वर्णने एजंटकडूनच लिहून घेण्याची पद्धत आता रुळते आहे. तिथे टूल बनवणाऱ्या माणसाने शेवटचा हात फिरवणे अनिवार्य करावे. कोड वाचून एजंट टूल काय करते ते सांगेल. कोणती फाइल सोडून द्यायचे कुणी आणि का ठरवले, ते बहुतेकदा त्या माणसालाच माहीत असते. शून्य निकालासोबत ‘इतक्या फाइल्स पाहिल्या, इतक्या वगळल्या’ हे आकडे टूलनेच परत द्यावेत. वर्णन जुने झाले, तरी निदान हे आकडे त्या क्षणाचे असतील.