शाल नको, पगार द्या

विज्ञान पत्रकारितेच्या एका पुरस्काराचा परीक्षक म्हणून मध्यंतरी माझ्याकडे प्रवेशिकांचा गठ्ठा आला. त्यातलं एक कात्रण मी जपून ठेवलंय. कर्करोगावरच्या ‘क्रांतिकारी’ उपचाराची बातमी. मजकूर एका खासगी रुग्णालयाच्या प्रसिद्धिपत्रकाचा, स्वल्पविरामासकट. ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ म्हणून त्यांच्या जनसंपर्कवाल्याचा मोबाइल नंबरही तसाच छापलेला. शेजारच्या रकान्यात साप्ताहिक राशिभविष्य. आणि या सगळ्यावर संपादकांची सही-शिक्क्यानिशी शिफारस!

मी शून्य गुण दिले. पण राग त्या वार्ताहराचा येईना. हा गडी सकाळी महापालिका, दुपारी पोलीस ठाणं आणि संध्याकाळी कुणाचा तरी सत्कार करून थकलेला. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, पैसे कुणी पुरवले, हे त्यानं कधी शोधायचं? आपल्या वृत्तपत्रांत क्रिकेटला वेगळा माणूस असतो, सिनेमाला असतो, शेअर बाजाराला असतो. विज्ञानाला? ‘अरे, तू बी.एस्सी. ना? मग घे हे.’

सरकारची तऱ्हा तर त्याहून न्यारी. विज्ञान लोकांपर्यंत न्यायला 1989 साली ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था काढली. ‘इंडिया सायन्स वायर’ ही वृत्तसेवा तिचीच, ‘ड्रीम 2047’ हे मासिकही तिचंच. 2023 मध्ये संस्थेला टाळं लागलं. स्वप्न 2047चं, झोपमोड 24 वर्षं आधी! त्याच वर्षी वाजतगाजत नवे राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर झाले. क्षेत्रं 13, शेतीपासून अणुऊर्जेपर्यंत. विज्ञान सांगणाऱ्याला मात्र स्वतंत्र रकाना नाही. त्यानं ‘इतर’मध्ये नशीब अजमावावं.

समारंभांत हमखास जयंत नारळीकरांचं नाव घेतलं जातं. घ्यायलाच हवं. बिजू पटनायकांच्या देणगीतून सुरू झालेला युनेस्कोचा कलिंग पुरस्कार त्यांना 1996 साली मिळाला, आणि त्यांनी मराठीत जे लिहिलं त्याला तोड नाही. पण नारळीकर प्राध्यापक होते. त्यांची चूल टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आणि आयुकाच्या पगारावर पेटायची, मराठी लेखांच्या मानधनावर नव्हे. त्यांचं उदाहरण देऊन नुकत्याच लागलेल्या पोराकडून फुकटात विज्ञान लिहून घेणं ही शुद्ध लबाडी आहे. ‘सेवा म्हणून करा’ असं जाहिरात विभागाला कुणी सांगून पाहावं!

चांगला पुरस्कार वाईट असतो असं नाही. पण शर्यतीला घोडेच नाहीत आणि करंडक तेवढा घासूनपुसून तयार, याला काय म्हणायचं? सभागृहाचं भाडं, प्रमुख पाहुण्यांचं विमान, गुळगुळीत स्मरणिका यांवर जातो तो पैसा एखाद्या वार्ताहराच्या पगारात घाला. त्याला चार दिवस प्रयोगशाळेत बसू द्या, दुसऱ्या तज्ज्ञाला फोन करून ‘हे खरं का हो?’ विचारू द्या.

वाचकहो, येत्या 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आपल्या दैनिकाच्या कचेरीत फोन लावा आणि एवढंच विचारा: तुमचा विज्ञान प्रतिनिधी कोण? नाव मिळालं तर मलाही कळवा.