कॉन्टेसा की मारुती ८००?

मंडळी, आमचा पुण्याचा पुतण्या सध्या एक जुनी कॉन्टेसा विकत घ्यायच्या खटपटीत आहे. त्याच्या मते ती भारताची ‘मसल कार’! पैसे कमी पडताहेत, म्हणून "काका, तुमची मारुती मोडीत द्या, थोडा हातभार लावा" असे फोनवर म्हणाला. सगळ्या नातलगांचे मत मागितले आहे, तर माझे इथेच लिहितो.

मसल कार ही चीज अमेरिकेची. १९६४ च्या पोंटिॲक जीटीओसारख्या मध्यम गाडीत आठ सिलिंडरचे दांडगे इंजिन बसवायचे, की झाली मसल कार. कॉन्टेसाचे लांब नाक तसे दिसते खरे, पण घराणे इंग्रजी, व्हॉक्सहॉल व्हिक्टरचे. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ साली आणली आणि आत इंजिन बसवले ॲम्बेसेडरचेच! १४८९ सीसी, सुमारे ५० अश्वशक्ती, आणि ओढायचे वजन बारा क्विंटलच्या आसपास.

आता मारुती ८०० बघा. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद चाळिसाच्या आत-बाहेर, वजन साडेसहा क्विंटल. म्हणजे एका घोड्यामागे कॉन्टेसाला चोवीसेक किलो, मारुतीला सोळा-सतरा. (मी मराठीचा मास्तर, पण एवढे त्रैराशिक येते.) मग पैलवान कोण?

माझी गाडी १९९६ ची, सेकंडहँड घेतलेली. मलकापूरहून बुलढाण्याला येताना राजूर घाटात पाच माणसे आणि ज्वारीचे पोते घेऊन ती दुसऱ्या गिअरवर कुरकुरत का होईना, चढली. कोणाला उतरून ढकलावे लागले नाही. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली, त्याआधी आमच्याकडे मोटार म्हणजे डॉक्टर, वकील नाहीतर खामगावचे कापसाचे व्यापारी. मास्तराच्या दारात मोटार उभी राहिली ती या डबीमुळे. हे काम कॉन्टेसाने केले नसते.

कॉन्टेसाची मागची सीट मात्र काय सांगावी! एका लग्नात वरातीला तीत बसलो होतो, दिवाणखान्यात बसल्यासारखे वाटले. पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तेव्हा कुठे ती अंगापिंडाला शोभेल अशी पळू लागली. पण २००२ मध्ये उत्पादन थांबले. सुटे भाग शोधत हिंडावे लागेल. मारुती २०१४ मध्ये बंद झाली, तरी तिचे सामान आणि ती उघडून बसवणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी अजून सापडतो.

तेव्हा बाळा, घ्यायचीच तर इसुझूवाली घे, आणि खालचा पत्रा गंजला आहे का ते आडवे होऊन बघ. माझ्याकडून थोडे पैसे मिळतील. मारुतीची मात्र फेरनोंदणी करून घेतली आहे, ती अंगणातच राहील. तुझ्या काकूला शेगावला जायचे असते.