'एकसुरी' लेझरची कसोटी

रेल्वेच्या 'बेलापूर' स्थानकावर उतरणारा प्रवासी प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात पोचतो. मूळचे बेलापूर गाव तेथून काही किलोमीटरवर प्रवरेकाठी आहे. आणखी एक बेलापूर नवी मुंबईत. नाव एक, ठिकाणे अनेक. लेझरचेही असेच असते. रंग एकच दिसला, तरी त्यात परस्परांलगतच्या अनेक वारंवारता दडलेल्या असू शकतात. त्यांतील नेमकी एक टिकवणे, ही फायबर लेझरची खरी कसोटी आहे.

या लेझरमध्ये यटर्बियम किंवा अर्बियमचा अंश असलेल्या काचतंतूत, दोन आरशांमध्ये प्रकाश ये-जा करतो. त्या लांबीत चपखल बसणाऱ्या लहरीच वाढतात. त्यांना 'मोड' म्हणतात. तंतू १ मीटरचा असल्यास लगतच्या मोडमधील अंतर सुमारे १०० मेगाहर्ट्झ, तर ५ सेंटिमीटरचा असल्यास सुमारे २ गिगाहर्ट्झ असते. अंतर वाढले, की निवड सोपी होते. म्हणून तंतू आखूड ठेवून त्यातच ठरावीक तरंगलांबी परतवणारी ब्रॅग जाळी कोरली जाते. मात्र, त्यातून मिळणारी शक्ती तुटपुंजी असते. ती पुढे लांब तंतूत वाढवावी, तर वर्णरेषा अरुंद असल्यामुळेच ब्रिल्वाँ प्रकीर्णन बळावते आणि प्रकाश मागे फिरतो. शुद्धता आणि शक्ती यांची ही ओढाताण आहे.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न दूरचा नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळील 'लायगो-इंडिया'साठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेथे ४ किलोमीटरच्या दोन भुजांतून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश धावणार आहे. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाइतका बदल टिपायचा, तर प्रकाश अत्यंत स्थिर हवा. अमेरिकेतील लायगोत मूळ प्रकाश स्फटिक लेझरमधून येतो. इटलीतील 'व्हर्गो'ने तो वाढवण्यासाठी फायबरचा मार्ग स्वीकारला आहे.

लायगो-इंडियाची प्रमुख उपकरणे अमेरिकेकडून मिळणार आहेत. पुण्याची 'आयुका', इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था प्रकल्पात सहभागी आहेत. परंतु वेधशाळा उभी राहिल्यावर दुरुस्ती आणि सुधारणा येथील मनुष्यबळालाच कराव्या लागतील. प्रकाशीय घड्याळांपासून संरक्षणापर्यंत याच कौशल्याची गरज आहे. जमीन आणि इमारतींचा खर्च डोळ्यांना दिसतो. प्रयोगशाळेतील कारागिरी दिसत नाही. निधीचे वाटप करताना या न दिसणाऱ्या बाजूचा विसर पडला, तर वेधशाळा आपली आणि तिचा प्रकाश मात्र परका, अशी स्थिती ओढवेल.